डोळे निर्दोष, दृष्टी अधुरी

पनवेल हे पूर्वापार वाटा एकत्र येण्याचे ठिकाण आहे. बोरघाट उतरून येणारा पुण्याचा रस्ता, पेणकडून वर येणारा कोकणचा रस्ता, उरणच्या खाडीकाठची वाट आणि माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणी, मालडुंगे अशा गावांतून सुटणारी एसटी, या साऱ्यांची गाठ येथेच पडते. आणि म्हणून ज्या गावात १८५२ साली नगरपालिका आली व २०१६ साली महापालिका झाली, त्या गावाकडे बाजारहाटासाठी आणि कोर्टकचेरीसाठी जशी माणसे येतात, तशीच ती आजारी मूल कडेवर घेऊनही येतात. येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्यास महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटसारखी नेत्ररुग्णालये आहेत. डोळ्यांच्या प्रत्येक दुखण्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे अशी स्थिती आता उरलेली नाही. परंतु एक तक्रार अशी आहे की जी डोळ्यांची म्हणून येते, डोळ्यांची म्हणूनच तपासली जाते, आणि डोळ्यांत काही सापडले नाही म्हणून आल्या वाटेने परत पाठविली जाते.

मूल सात-आठ महिन्यांचे झालेले असते. आई सांगते की त्याची नजर ठरत नाही. चेहरा समोर नेला तरी ते ओळख देत नाही, पण बांगड्या वाजल्या की खुदकन हसते. खेळणे पुढे धरले तर दुसरीकडेच बघते, आणि छताच्या पंख्याकडे मात्र तासन्‌तास टक लावून राहते. डॉक्टर बाहुलीवर प्रकाश टाकतात, ती यथायोग्य आकुंचन पावते. भिंग स्वच्छ असते. थेंब घालून आतला पडदा पाहिला तर तोही निरोगी दिसतो. कागदावर शेरा पडतो की डोळे चांगले आहेत. हा शेरा खोटा नसतो. पण घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ 'दिसते आहे' असा होऊन बसतो, आणि दिसत असूनही हे मूल पाहत नाही म्हणजे ते एक तर हट्टी असले पाहिजे किंवा मंदबुद्धीचे, असा निष्कर्ष आजूबाजूची माणसे परस्पर काढतात. पुढची दोन-तीन वर्षे, म्हणजे उपाय करण्यास सर्वांत अनुकूल असलेला काळ, त्या निष्कर्षाच्या छायेत जातो. मला या लेखात आग्रहाने सांगावयाचे आहे ते हे की 'डोळे चांगले आहेत' हा तपासातील पहिला जबाब आहे. त्यावर निकाल लिहून दप्तर बांधण्याची मुभा कोणालाच असू नये.

पाहण्याची क्रिया डोळ्यांत सुरू होते आणि मेंदूत पूर्ण होते. प्रत्येक डोळ्यातून निघणाऱ्या चेतारज्जूत सुमारे दहा-बारा लाख तंतू असतात. दोन्हीकडचे निम्मे तंतू वाटेत बाजू बदलतात, मेंदूच्या मध्यभागी एका ठाण्यावर थांबतात, तेथून नवे तंतू पंख्यासारखे पसरत मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेकडेने मागे जातात आणि डोक्याचा जो मागचा भाग आपण निजताना उशीवर टेकवतो त्यातील दृष्टिकेंद्रात पोहोचतात. तेथेही काम संपत नाही. दृष्टिकेंद्रापासून एक मार्ग वर, मस्तकाच्या माथ्याकडे जातो आणि वस्तू कोठे आहे, किती दूर आहे, हात किती लांबवला म्हणजे ती हाती येईल, एकाच वेळी समोर असलेल्या अनेक वस्तूंपैकी कोणत्या पाहावयाच्या, याचा हिशेब ठेवतो. दुसरा मार्ग खाली कानशिलाकडे उतरतो आणि समोर दिसणारा आकार कोणाचा, हा चेहरा आजीचा की शेजारणीचा, याची ओळख पटवून देतो. या साऱ्या वाटेवर, डोळ्यांच्या मागे, कोठेही इजा झाली तर डोळे शाबूत असूनही दृष्टीला बाध येतो. वैद्यकशास्त्रात याला सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट असे नाव आहे आणि दवाखान्यांत ते 'सीव्हीआय' या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. आपण त्याला मेंदूजन्य दृष्टिबाधा म्हणू.

हे ज्ञान प्रथम मुलांपासून नव्हे, सैनिकांपासून मिळाले. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन बंदुकांच्या लहान व अतिवेगवान गोळ्या अनेक जपानी शिपायांच्या डोक्यातून आरपार गेल्या, तरीही ते जगले. तात्सुजी इनौये या तरुण नेत्रवैद्याकडे सरकारने काम दिले ते अशा शिपायांची दृष्टी किती गेली हे ठरविण्याचे, कारण निवृत्तिवेतनाची रक्कम त्यावर अवलंबून होती. गोळी कोठून शिरली व कोठून निघाली हे मोजून इनौयेने इजेची जागा काढली, शिपायाला दृष्टीच्या कोणत्या भागात दिसत नाही हे तपासून दोहोंची सांगड घातली, आणि १९०९ साली मेंदूतील दृष्टिकेंद्राचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढे पहिल्या महायुद्धातील जखमींवरून जॉर्ज रिडॉक या स्कॉटिश वैद्याने १९१७ साली नोंदविले की ज्या भागात या सैनिकांना स्थिर वस्तू मुळीच दिसत नाही, त्याच भागात हलती वस्तू मात्र काहींना जाणवते. छताच्या फिरत्या पंख्यावर खिळलेल्या आपल्या बालकाचे कोडे उलगडण्यास ही नोंद फार उपयोगी आहे. आणि अपंगत्वाचा दाखला देण्याच्या सरकारी गरजेतून एवढे मोठे शास्त्र जन्माला यावे, तर आजच्या आपल्या दाखल्यांच्या दप्तरात त्याच शास्त्राला पुरेशी जागा नसावी, ही खंत करण्याजोगी गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

आपल्याकडे अशा मुलाच्या जन्माची हकीकत विचारली तर बहुधा तीन वाक्यांपैकी एखादे ऐकू येते. 'बाळ उशिरा रडलं' हे पहिले. जन्मताना प्राणवायू कमी पडला आणि मेंदूला धक्का बसला असा त्याचा अर्थ. 'दिवस भरायच्या आधी झालं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं' हे दुसरे. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मेंदूतील पोकळ्यांच्या कडेचा भाग फार नाजूक असतो, आणि दृष्टीचे तंतू नेमके तेथूनच जात असल्यामुळे त्या भागाला इजा झाली की पायांच्या ताठपणाबरोबर दृष्टीचीही हानी होते. त्यातही खालच्या बाजूचे दृश्य दाखविणारे तंतू पोकळीला अधिक लगटून असल्याने ही मुले पुढे चालू लागली की समोरचे पाहतात आणि पायांखालचे चुकवतात. या बाळांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा असा आपल्या देशातील दंडक आहे, आणि तो अत्यंत योग्य आहे. परंतु ती तपासणी पडद्याची असते, तीत सारे ठीक निघाले म्हणजे मागच्या वाटेचीही हमी मिळाली असे आईबाप धरून चालतात.

तिसरे वाक्य 'साखर कमी झाली आणि आकडी आली' हे. यापाशी मी जरा अधिक थांबणार आहे, कारण तिन्हींत सर्वांत टाळता येण्याजोगे कारण हेच आहे. गर्भात असताना बाळाला आईच्या रक्तातून साखर अखंड मिळत असते; नाळ कापली की तो पुरवठा त्या क्षणी बंद होतो, आणि पुढचे काही तास बाळाची भिस्त स्वतःच्या शरीरातील साखरेच्या साठ्यावर आणि मिळणाऱ्या दुधावर असते. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि मधुमेही मातांच्या बाळांजवळ साठा अपुरा असतो किंवा तो लवकर संपतो, आणि रक्तातील साखर फार उतरली तर जी इजा होते तिचा रोख विशेषेकरून मेंदूच्या मागच्या भागावर, म्हणजे दृष्टिकेंद्राच्या परिसरावर असतो. अशा वेळी पहिला चीक 'जड जाईल' म्हणून पिळून टाकणे, बाळाला बोटाने मध किंवा साखरपाणी चाटवून आईच्या दुधासाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट पाहणे, या रूढी केवळ अज्ञानाच्या नाहीत, घातक आहेत. हे केवळ डोंगराकडच्या वाड्यांवर घडते असा समज करून घेण्याचेही कारण नाही. खारघरच्या सदनिकेत राहणारी शिकलेली आईदेखील शस्त्रक्रियेने बाळंत झाली असता 'अजून दूध उतरलं नाही' या सबबीखाली पहिले अनेक तास बाळ अंगाला न लावता राहते. तासाभराच्या आत बाळ अंगावर घेणे, चीक पाजणे, बाळ सुस्त पडले, ओढेनासे झाले, थरथरू लागले किंवा गार पडले तर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहण्याचा आग्रह धरणे, एवढ्या साध्या बंदोबस्ताने काही मुलांची दृष्टी वाचते. मेंदूज्वर, डोक्यात पाणी साठणे, डोक्याला मार आणि तान्हेपणी येणारे विशिष्ट प्रकारचे झटके ही उरलेली कारणे आहेत. त्यांचा येथे नुसता उल्लेख पुरे.

आता अशा मुलाला दिसते तरी काय? पूर्ण काळोख क्वचितच असतो. बहुतेकांना काही ना काही दिसते, पण ते केव्हा, कोठे आणि किती गर्दीत, यावर सारे अवलंबून असते. कोऱ्या चादरीवर एकटा ठेवलेला लाल चेंडू ज्याला दिसतो, त्याच मुलाला दहा खेळण्यांच्या टोपलीतला तोच चेंडू दिसत नाही. आई अंगणात एकटी उभी असताना जो तिच्याकडे धावत जातो, तोच टपाल नाक्यावरच्या बाजारात तिच्यापासून चार हातांवर असूनही ती हरवली म्हणून आकांत करतो. ताटातला अर्धा भात संपवून मूल उठते; आईला वाटते की पोट भरले, पण ताट फिरवून ठेवले तर ते उरलेला भातही तितक्याच भुकेने खाते, कारण मघाशी ती बाजू त्याच्या दृष्टीच्या क्षेत्राबाहेर होती. काळ्या-पांढऱ्या फरशीचा सांधा आला की पायरी समजून पाय चाचपणारे, उंबरठ्याला मात्र हमखास अडखळणारे, आणि चालताना वडिलधाऱ्यांच्या सदऱ्याचे टोक धरून त्या ओढीवरून जमिनीचा चढउतार ओळखणारे मूल पुष्कळांनी पाहिलेले असते. त्याला धांदरट म्हणून सगळे मोकळे होतात. वस्तू घेताना ते आधी तिच्याकडे बघते, मग मान वळवते आणि न पाहताच हात पुढे करते. बघणे आणि हात घालणे ही दोन कामे त्याच्या मेंदूला एका वेळी पेलत नाहीत, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते लक्ष नसल्याचे चिन्ह वाटते.

या सर्वांत मुलावर सर्वांत अधिक अन्याय करणारे लक्षण म्हणजे त्याच्या दिसण्यातील चढउतार. सकाळी शांत घरात ते वाटी ओळखून पुढे येते, आणि संध्याकाळी पाहुणे जमले, दूरचित्रवाणी लागली, भूक लागली किंवा दिवसाचा शीण चढला की तीच वाटी नाकासमोर असून दिसत नाही. ताप येऊन गेला किंवा झटका येऊन गेला तर दोन-दोन दिवस नजर मंदावते. पनवेलच्या एसटी स्थानकावर किंवा रेल्वेच्या पुलावर कर्णे ओरडू लागले की काही मुले जणू आंधळीच होतात, कारण आवाजाकडे वळलेल्या मेंदूजवळ पाहण्यासाठी शक्ती उरत नाही. घरातली माणसे म्हणतात, 'मघाशी बरं दिसत होतं, आत्ताच कसं दिसेनासं झालं? सोंग करतो हा.' माझी सर्व वाचकांना कळकळीची विनंती आहे की हे वाक्य कोणाच्या तोंडून आले तर त्याला तेथेच अडवावे. कमीजास्त दिसणे हेच या व्याधीचे स्वरूप आहे.

निदानाची सुरुवात म्हणून यंत्रापाशी होत नाही. ती आईच्या जबानीपाशी होते. ग्लासगोचे बालनेत्रतज्ज्ञ गॉर्डन डटन यांनी आपल्या आयुष्यातील मोठा काळ आईबापांचे ऐकण्यात घालविला आणि त्यातून प्रश्नांची अशी मालिका तयार केली की जिच्या उत्तरांवरून मेंदूचा कोणता मार्ग बिघडला असावा याचा अंदाज बांधता येतो: मूल जिना उतरताना अडखळते की चढताना, गर्दीत बिथरते का, ओळखीचा माणूस बोलण्याआधी ओळखते की बोलल्यावर, लांबचे विमान बोटाने दाखविले तर त्याला सापडते का. एखादी आई हे सारे न विचारताच सांगू लागते, आणि बाहेर पन्नास रुग्ण खोळंबलेले असल्याने तिला मध्येच थांबविले जाते. माझ्या मते त्या दहा मिनिटांइतका मोलाचा पुरावा त्या दिवशी दवाखान्यात दुसरा कोणताही गोळा होत नाही.

त्यानंतर डोळ्यांची तपासणी येते, आणि ती पूर्ण व कसून झाली पाहिजे, कारण मेंदूची इजा असलेल्या मुलाला चष्म्याचा नंबर, तिरळेपणा, डोळ्यांची थरथर किंवा चेतारज्जूचा फिकेपणा हेही असू शकतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार, असलेल्या पुष्कळ मुलांना जवळच्या वस्तूवर दृष्टी केंद्रित करता येत नाही. त्यांना साधा जवळचा चष्मा दिला तर वाटी, चमचा आणि आईचा चेहरा एकदम स्पष्ट होतो, आणि तरीही 'त्याला कळत नाही तर चष्मा कशाला' म्हणून तो दिला जात नाही, ही मोठी उपेक्षा आहे. न बोलणाऱ्या मुलाची नजर किती तीक्ष्ण आहे हे मोजण्यासाठी टेलर यांची पत्रे वापरतात. राखी रंगाच्या पुठ्ठ्याच्या एका बाजूस काळ्या-पांढऱ्या रेघा असतात, आणि मूल आपण होऊन रेघांकडे वळते की नाही हे परीक्षक पुठ्ठ्यातील बारीक छिद्रातून पाहतो. फिनलंडच्या लेआ ह्यूवारिनेन यांनी सफरचंद, घर, चौकोन आणि वर्तुळ या चार आकृत्यांचे तक्ते केले, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मुलाचीही दृष्टी मोजता येते. एमआरआयने इजेची जागा कळते आणि डोक्यावर तारा लावून केलेल्या चाचणीने संदेश मागे पोहोचतो की नाही ते कळते. पण चित्रात काहीही न सापडलेल्या मुलालाही ही बाधा असू शकते, म्हणून छायाचित्राला अंतिम साक्षीदार मानू नये. ऐकण्याची तपासणी मात्र प्रत्येक मुलाची करावी, कारण ज्या कारणाने दृष्टी जाते त्याच कारणाने कानही जाऊ शकतात.

येथे दोन बाजूंनी सावध राहावे लागते. चेहऱ्याकडे न पाहणारे, एकाच हालचालीत रमणारे, गर्दीत बिथरणारे मूल स्वमग्न म्हणून नोंदले जाण्याचा संभव मोठा असतो; कधी दोन्ही दोष एकत्रही असतात, पण दृष्टीचा तपास झाल्याशिवाय त्याच्या बुद्धीविषयी किंवा स्वभावाविषयी निर्णय देणे न्यायाचे होणार नाही. उलट, अन्यथा निरोगी असलेल्या काही बाळांची दृष्टी नुसती उशिरा जागी होते आणि पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारते. त्यांच्यावर घाईने शिक्का मारू नये. पण ते बाळ आपोआप सुधारणारे आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नसते, म्हणून हातावर हात ठेवून वाट पाहणेही योग्य नाही.

उपचार म्हणून औषध किंवा शस्त्रक्रिया नाही. इजा झालेला मेंदू पूर्ववत करणारे थेंब, तेल किंवा 'मेंदूचे टॉनिक' अस्तित्वात नाही; मूलपेशींच्या नावाने लाखो रुपये घेऊन केले जाणारे इलाज या बाधेवर उपयोगी असल्याचे सिद्ध झालेले नाही; काळोख्या खोलीत तासन्‌तास दिवे लुकलुकविण्यानेही काही साधत नाही, आणि झटके येणाऱ्या मुलाला त्याने अपाय होऊ शकतो. तथापि बालकाचा मेंदू घडणीत असतो, आणि ज्या दृष्टीचा अर्थपूर्ण वापर होतो ती वाढते, हा अनुभव जगभर आहे. अमेरिकेच्या क्रिस्टीन रोमन-लॅन्झी यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात मुलाच्या दृष्टीच्या वापराच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि प्रत्येक पायरीवर घरातील परिस्थिती कशी बदलावी हे दाखविले. त्यांच्या मोजपट्टीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मूळ दिशा मात्र आता सर्वमान्य आहे. इलाजाची जागा घर हीच असते, आणि वेळ जेवणाची, आंघोळीची व खेळण्याची.

एक भरविण्याचा प्रसंगच घेऊ. घरात वावरणाऱ्या आपल्या बायका बहुधा फुलाफुलांचा गाऊन किंवा छापील साडी नेसलेल्या असतात. त्या फुलांसमोर धरलेली स्टीलची चकचकीत वाटी मुलाला निराळी वस्तू म्हणून जाणवतच नाही. म्हणून आईने जेवणापुरती एकरंगी गडद ओढणी अंगावर घ्यावी, वाटी रोज तीच, लाल किंवा पिवळी, न चमकणारी घ्यावी, दूरचित्रवाणी बंद करावी, उजेड मुलाच्या पाठीमागून येईल असे त्याला टेकवून बसवावे, कारण ज्याची मान सावरलेली नाही त्याची सारी शक्ती मान सावरण्यात जाते. मग एकदाच 'ही बघ तुझी वाटी' म्हणावे, ज्या बाजूने त्याला बरे दिसते त्या बाजूला वाटी धरून किंचित हलवावी, आणि गप्प राहावे. हे गप्प राहणेच सर्वांत कठीण आहे. आपण अधीरपणे 'बघ ना, बघ ना रे सोन्या' म्हणत राहतो आणि मुलाचे लक्ष वाटीवरून आवाजाकडे ओढतो. मनात वीसपर्यंत आकडे मोजावे. कधी पंधराव्या आकड्याला मान हळूच वळते. तो पाहील, नजर काढील, मग हात टाकील. त्या हाताला वाटी लागू द्यावी, तिचा काठ चाचपू द्यावा. पाळण्यावर चिमण्या, घुंगुर आणि फुगे यांची गर्दी टांगण्याऐवजी एकच चिमणी टांगावी. वस्तू ओळखीच्या झाल्या की एकाच्या दोन कराव्या, लालऐवजी निळी आणावी, घाई न करता. आणि मूल कंटाळले, डोळे मिटू लागले, प्रकाशाकडे पाहू लागले की थांबावे. तो त्याच्या मेंदूने केलेला विश्रांतीचा अर्ज असतो, तो मंजूर करावा.

शाळेत जाणाऱ्या मुलाची गोष्ट थोडी निराळी असते. तक्त्यावरची अक्षरे तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, म्हणून त्याला दृष्टिदोष आहे यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पण चित्रांनी भरलेल्या पाठ्यपुस्तकाच्या पानावर त्याला ओळ सापडत नाही, फळ्यावरून वहीत उतरवून घेताना तो प्रत्येक वेळी जागा हरवतो, आणि मधल्या सुटीत आपले मित्र कोणते हे त्याला कळत नाही. पुठ्ठ्याला खिडकी कापून एका वेळी एकच ओळ उघडी ठेवणे, शब्दांत अंतर सोडून ठळक अक्षरांत लिहून देणे, पाठीमागे मोकळी भिंत येईल अशा जागी शिक्षकांनी उभे राहणे, परीक्षेस अधिक वेळ आणि तोंडी उत्तराची सवलत देणे, या गोष्टींना खर्च नाही. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांना तालुक्यात अशी मुले शोधून वर्गशिक्षकांना हे समजावून देता येईल.

आपल्या प्रांतात अंधशिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, १९५२ साली तेथेच राष्ट्रीय अंधजन संघ स्थापन झाला, १९७७ साली कर्णबधिर-अंध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाची संस्था उभी राहिली; त्याआधी १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली होती. या सर्वांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु मेंदूजन्य दृष्टिबाधेचे मूल या सर्व दारांच्या मधोमध उभे असते: त्याची दृष्टी वापरण्याजोगी असल्याने ब्रेल हा त्याचा मुख्य आधार नसतो, हात ताठ असल्यास ते शिकताही येत नाही, आणि हातापायांच्या उपचारांत डोळ्यांकडे पाहावयाचे राहून जाते. कायद्यातही तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानले, पण अंधत्व व अल्पदृष्टी यांची व्याख्या तक्त्यावरील तीक्ष्णता आणि दृष्टीचे क्षेत्र या दोनच मापांवर उभी आहे; ज्याची तीक्ष्णता ६/१८ हून चांगली आहे आणि क्षेत्रही पुरेसे आहे, पण ज्याला गर्दीत काहीच उमगत नाही, त्याला दृष्टीचा दाखला मिळत नाही. ही व्याख्या विस्तारली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर ज्या मुलांना सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता आहे त्यांच्या पालकांनी त्या नावाने दाखला घ्यावा, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत नाव घालावे. एक लाख रुपयांपर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचाही अंतर्भाव आहे.

तपासाची व्यवस्था मात्र आपल्या गावापर्यंत येऊन पोहोचलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, आणि तपासावयाच्या दोषांत दृष्टिदोषाचा समावेश आहे. आशाताई नवजात बाळाला भेटी देतात त्यांतली शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते, आणि दीड महिन्याचा डोसही त्याच सुमारास येतो. निरोगी बाळ नेमके याच सुमारास आईच्या डोळ्यांना डोळा देऊन हसू लागते. आशाताईने त्या दिवशी बाळ आईच्या मांडीवर ठेवून, काही न बोलता, बांगड्या न वाजविता, ते चेहऱ्याकडे पाहते का एवढे पाहिले आणि पाहत नसल्यास वहीत नोंद केली, तर त्या नोंदीवर पुढचा तपास वेळेवर सुरू होऊ शकेल. तीन महिने पुरे होऊनही हलत्या वस्तूमागे नजर जात नसेल तर थांबण्यात अर्थ नाही.

पहिल्या भेटीसाठी पनवेलास येताना पालकांनी चार गोष्टी बरोबर आणाव्या. बाळ पेटीत किंवा नवजात कक्षात असल्यास तेथून सुटताना मिळालेला कागद, त्यात साखर व झटके यांची नोंद असल्यास तिच्यासह. चालू असलेल्या औषधांच्या बाटल्या, कारण झटक्यांच्या काही औषधांनी गुंगी येते आणि व्हिगाबॅट्रिनसारख्या औषधाने दृष्टीचे क्षेत्रही आकसू शकते, तथापि कोणतेही औषध मनाने बंद करू नये. भ्रमणध्वनीवर घेतलेल्या दोन-तीन लहान चित्रफिती, एक मुलाला चांगले दिसत असतानाची आणि एक दिसत नसतानाची. आणि त्याच्या रोजच्या ओळखीची एखादी वस्तू, कारण दवाखान्याच्या अनोळखी खोलीत मूल अनोळखी खेळण्याकडे पाहीलच असे नाही. भेट शक्यतो मुलाच्या झोपेनंतरची आणि पोट भरलेले असतानाची मागून घ्यावी. तपासणी झाल्यावर बालरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट या तिघांनीही वाचावे असे एकच टिपण मागावे, त्यात मुलाला कोणत्या बाजूने, कोणत्या रंगाचे, किती अंतरावरून दिसते हे स्पष्ट मराठीत लिहून घ्यावे, आणि त्याची एक नक्कल अंगणवाडीच्या ताईंकडे द्यावी. पुढील तपासणी किती महिन्यांनी हे विचारूनच उठावे. पहिल्या दोन-तीन वर्षांत दृष्टी बदलत असते, चष्म्याचा नंबरही बदलतो, आणि सहा महिन्यांपूर्वी बरोबर ठरलेले टिपण आज जुने झालेले असू शकते.